गाठीखालचा डाग

बोलताना धाप लागत होती, तरी दवाखान्याचा झगा घालायला कामाक्षीबाई काही तयार होईनात.

"पुढून बुजगावणं, पाठीमागून उघडं," नाकातली प्राणवायूची नळी सावरत त्या म्हणाल्या. "काय व्हायचं ते नऊवारीतच होऊ दे."

सून नंदिता पुण्याची. तिनं कपाळाला हात लावला. "छातीचा एक्स-रे काढायला चोळी तरी काढलीत, हेच नशीब!"

गिंडीला घरामागे एका बंद कारखान्याचं मोकळं आवार होतं. तिथल्या गवतात फतकल मारून कामाक्षीबाई रोज गणपतीसाठी दुर्वा खुडायच्या. देवळाबाहेर विकत मिळणाऱ्या दुर्वा कुणाच्या पायाखालून आल्यात कोण जाणे, म्हणून घ्यायच्या नाहीत. मग ताप आला, खोकला आला, आणि मुलानं, विश्वजितनं, त्यांना एग्मोरच्या दवाखान्यात आणून टाकलं. सलाइनमधून औषध जात होतं, पण ताप हटेना आणि श्वास पुरेना.

कमरेला नऊवारीच्या गाठीखाली काहीतरी झालंय हे त्यांना माहीत होतं. नेसताना बोटाला खपली लागली होती. दुखत नव्हती, खाजत नव्हती. गाठ काचली असेल म्हणून त्यांनी हळद लावली आणि गप्प राहिल्या. नंदिताला कळतं तर नऊवारी त्याच दिवशी ट्रंकेत गेली असती आणि अंगावर गाऊन आला असता. गेल्या वर्षी कामाक्षीबाई काष्ट्यात पाय अडकून पडल्यापासून ती निमित्तच शोधत होती. आणि ही गाठ तर तंजावरला, नव्या नवरीच्या कमरेला सासूबाईंनी स्वतःच्या हातानं मारून दाखवलेली. "नीट बघून ठेव गे," त्या म्हणाल्या होत्या, "पुन्हा दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही." तो लागलाही नव्हता.

डॉक्टर जननी एक्स-रेचा फोटो घेऊन आली. पोरगेलीच होती, तमिळच बोलायची, आजीबाईंना 'पाट्टी' म्हणायची. तिनं फोटो खिडकीशी धरला.

"पाट्टी, हवा भरलेलं फुप्फुस असं काळं दिसतं. आणि हे बघा, तुमच्या दोन्ही बाजूंना खाली पांढरं धुकं. असंच वाढलं तर उद्या श्वासाचं यंत्र लावावं लागेल."

विश्वजितनं मान फिरवली.

"न्यूमोनियाचं औषध लागू पडत नाहीये. मला वेगळाच संशय आहे. गवतात एक किडा असतो, डोळ्यांना न दिसणारा. तो चावला की जंतू अंगात शिरतात. चावल्या जागी काळी खपली धरते, कपडा घट्ट असतो तिथे, आणि ती दुखत नाही. अशी खपली आहे का कुठे?"

"नाही," कामाक्षीबाई म्हणाल्या.

फोटो अजून उजेडात होता. त्या बघत राहिल्या. या आपल्या फासळ्या. हे आपलं काळीज, जेमतेम मुठीएवढं. सासूबाईंनीच काय, नवऱ्यानंही कधी पाहिलं नव्हतं ते हे सगळे निवांत बघत होते. हाडापर्यंत उघडी पडलेली बाई कमरेपाशी काय झाकत होती? आणि त्या पांढऱ्या धुक्याला तर कुणाची भीडच नव्हती.

"विशू, बाहेर जा."

"अम्मा, काय झालं?"

"बाहेर जा म्हटलं ना! नंदिता, पडदा ओढ."

गाठ त्यांनी स्वतःच सोडायला घेतली. बोटांत जोर नव्हता. नंदितानं न विचारता हात पुढे केला आणि त्यांनी तो अडवला नाही. लाल कड्याच्या मधोमध, विझलेल्या विडीचा चटका बसावा तशी, काळी खपली होती.

"अय्यो पाट्टी!" जननीला हसू आवरेना. "आधी सांगायचं नाही?" रक्ताच्या तपासणीची वाट न पाहता तिनं तिथल्या तिथे औषध बदललं. आजाराचं नाव तिनं स्क्रब टायफस सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. पुढच्या फोटोत धुकं विरळ झालं होतं. घरी निघायच्या सकाळी कामाक्षीबाई पलंगाला धरून उभ्या राहिल्या आणि नंदिता त्यांना नऊवारी नेसवू लागली.

"गाऊन आणलाय मी," ती हळूच म्हणाली.

"तो तू घाल. गाठ डावीकडे नाही गे, मधे! एवढी सैल? एग्मोर स्टेशनावर सुटेल!"

"सैलच राहू दे, आई. डाग जाईपर्यंत तरी."

कामाक्षीबाईंनी तिला गाठ मारता यावी म्हणून हात जरा वर धरले आणि तशाच उभ्या राहिल्या.