माशाच्या तेलाची गाडी

थळच्या किनाऱ्यावर जन्मभर होड्या बांधणाऱ्या रामचंद्रने तीन मोटारीही बांधल्या होत्या. मुंबईच्या बंगलेवाल्यांची हौस. शंभर वर्षांपूर्वी शर्यतीत धावायच्या तशा, बिनछपराच्या, दोन माणसांच्या. खाली जुन्या जीपचा सांगाडा, पुढे लांबलचक नाक, बॉनेटवर चामड्याचा पट्टा, तारांची चाकं, आणि मागे निमुळती होत गेलेली शेपूट. ती शेपूट गॅरेजवाल्यांना जमत नसे. रामचंद्रला जमे, कारण त्याच्या लेखी ती पालथी घातलेली होडीच होती. आत सागाच्या फासळ्या, वर पत्रा. स्वतःचं नाव मात्र कुठेच नाही. होडीवर कोण सही करतो?

फासळ्यांना माशाचं तेल पाजल्याशिवाय पत्रा चढवायचा नाही, हा त्याचा नेम. गाडी उन्हात तापली की सीटखालून वास उठे आणि गिऱ्हाईकं कुरकुरत.

"लाकडाला तहान लागते, साहेब," तो म्हणे. "तुम्ही नाकाला रुमाल लावा."

दोन गाड्या भंगारात गेल्या. तिसरी कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत रामचंद्र गेला, तेव्हा ती सापडावी असं त्याच्या मुलीला, नेत्राला, वाटू लागलं. त्याच्या हातचं दुसरं काही उरलंच नव्हतं. होड्या तर केव्हाच फुटून चुलीत गेल्या होत्या.

परवा तिला मोबाइलवर एक फोटो दिसला. नागावच्या कमलेशभाईंनी विकायला काढलेली हिरवी गाडी. शेपूट ओळखीची वाटली. पण तशा शेपट्या आता पुण्यातही बनतात. तिने फोन केला.

"पत्रा नवा, इंजिन नवं, चाकं नवी," कमलेशभाई अभिमानाने म्हणाले. "आतलं लाकूड तेवढं जुनं. कुणी बनवली विचारू नका, माझ्याआधी चार मालक झालेत."

"सीटखालून मासळीचा वास येतो का?"

"नेत्राबेन, मी शाकाहारी माणूस. मला तर अख्ख्या अलिबागला तोच वास येतो!" ते खूप हसले. "बघायचं तर उद्या या. परवा ट्रेलर येतोय, गाडी हैदराबादला चालली."

पत्रा उचकटून फासळ्या कोण दाखवणार? उरला वास. आणि नेत्राचं नाक त्या आजारात गेलं ते परत आलंच नव्हतं. घरातल्या तिघांनाही करोना एकदमच झाला होता. आईचं नाक मात्र दोन-तीन महिन्यांत सुधारलं, असं आई सांगे.

"माजं नाक हाय ना," आई, कृष्णाबाई, म्हणाली. "चल."

दुपारच्या उन्हात, पोफळीच्या बागेत गाडी उभी होती. नेत्राने शेपटीवर तळवा ठेवला. पत्रा भाजत होता. ती सीटवर वाकली, डोळे मिटून खोल श्वास घेतला. काहीच नाही. कोऱ्या कागदासारखा श्वास.

कृष्णाबाई गुडघ्यांवर बसली. तिने सीटखाली तोंड घातलं आणि हुंगलं. मग मान वर न करता म्हणाली, "व्हय. हीच. त्यांच्याच हातचं त्याल."

नेत्राला हा आवाज ठाऊक होता. दवाखान्याच्या मागच्या दारी, प्रेताच्या चेन लावलेल्या पिशवीपाशी, लांब उभ्या असलेल्या माणसाने विचारलं होतं, "हेच ना?" चेन उघडायची मनाई होती. आई तेव्हाही अशीच, क्षणभरही न अडखळता म्हणाली होती, "व्हय, हेच." तिला कसं कळलं, हे नेत्राने पुढे कधीच विचारलं नाही.

तेवढ्यात कमलेशभाई पाण्याचे पेले घेऊन आले.

"अरे मावशी, तिथे नाक नका घालू, चक्कर येईल! कालच आतून पॉलिश मारलंय. थिनरचा वास बघा ना केवढा, मला तर इथे उभं राहवत नाही."

कृष्णाबाईने मान वर केली. मायलेकींची नजरानजर झाली आणि आईने डोळे वळवले. मग ती त्या हिरव्या पत्र्याला गाल लावून रडू लागली. चार वर्षांत, पिशवीपाशीसुद्धा, ती रडली नव्हती.

कमलेशभाई गोंधळले. पेले हातातच धरून त्यांनी हळू आवाजात नेत्राला विचारलं, "म्हणजे... हीच ना?"

आईचे खांदे हलत होते. पदर सुटून चाकाच्या तारांत अडकला होता. नेत्रा वाकली आणि तो सोडवू लागली.

"हो," ती म्हणाली. "हीच."