पेट्रोलची बेगमी

मित्रांनो, माझी ओळख करून द्यायची तर जरा पंचाईतच आहे, कारण मी सध्या एका ठिकाणी नाही. माझी मागची बैठक रत्नागिरीत रावजीच्या ओटीवर आहे. भोंगा मासेमारीच्या एका मचव्यावर गेला. टाकीत माडांना घालायचं पाणी साठवतात. उरलेली मी शेतावरच्या एका मांगराच्या, म्हणजे खोपटाच्या, भिंतीला टेकून गंजते आहे. हे सगळं एकत्र होतं तेव्हा लोक मला सर्व्हिस मोटार म्हणत. त्यामुळे माझी गोष्ट एका दमात सांगता यायची नाही. ज्या भागाला जे आठवतं तेवढं मी सांगते.

भोंग्याला आठवतं ते

माझं इंजीन मुंबईहून आगबोटीने आलं आणि त्यावरचा सागवानी साटा, म्हणजे माझं सगळं अंग, विठू सुताराने इथेच ठोकला. पहिल्या दिवशी मला हार घातले, माझ्यापुढे नारळ फोडला. आत्मारामशेट माझे मालक. रत्नागिरी ते लांजा टपालाची थैली न्यायचा ठेका त्यांनी घेतला आणि थैलीबरोबर माणसंही. रावजी माझा ड्रायव्हर. मुंबईच्या गोदीत लॉरी चालवायचं सोडून तो बायकोसाठी, गुणवंतीसाठी, गावी परतला होता.

तेव्हा अशी रीत होती की मोटारीने उतारूच्या दारात जायचं. आळीआळीतून माझी फेरी व्हायची. दारात उभं राहून रावजी भोंगा दाबायचा. आतून आवाज यायचा.

"रावजी काय? वाईच थांब रे, पेज जेवतोय."

"जेवा काका, सावकाश जेवा. मोटार काय पळून जात नाही."

"पळाली तर तुलाच पळायला लागेल तिच्यामागे, मेल्या!"

काकांची पेज होईपर्यंत माझं इंजीन धडधडत असायचं. दमट हवेत हँडल मारून मला पुन्हा चालू करायचं म्हणजे रावजीच्या मनगटाची परीक्षा. त्यापेक्षा चालूच ठेवलेलं बरं, असं सगळेच म्हणत.

टाकीला आठवतं ते

पेट्रोल डब्यांतून यायचं, समुद्रावरून. पावसाळ्यात बंदर बंद. म्हणून तांदूळ, सुकी मासळी, सरपण यांच्याबरोबर शेटच्या घरी पेट्रोलचीही बेगमी व्हायची. गोठ्यापलीकडच्या खोपीत डबे रचलेले असत. खोपीची किल्ली मालनवहिनींच्या, म्हणजे शेटच्या बायकोच्या, कमरेला.

एका श्रावणात वहिनींनी खोप उघडली आणि त्यांना डब्यांमागची भिंत दिसली. एरवी ती गणपतीनंतर दिसायची. त्यातच घाटात दरड कोसळून कोल्हापूरची वाटही बंद झालेली.

"बंदर उघडायच्या आत मोटार थांबली तर ठेका गेला," शेट म्हणाले. "ठेका गेला की मोटार विकायची. मग रावजी, तू आपली मुंबई गाठ."

रावजीने घरी जाऊन ते सांगितलं. गुणवंतीने त्याची ट्रंक माळ्यावरून खाली काढून पुसून ठेवली.

ब्रेकला आठवतं ते

"उतारावर इंजीन कशाला जाळतोस?" शेटनी सुचवलं. "बंद कर नि सोड."

रावजीला ते पटलं नव्हतं, पण ट्रंक डोळ्यांसमोर होती. पालीच्या अलीकडे त्याने इंजीन बंद करून मला उतारावर सोडलं. मित्रांनो, सुरुवातीला मजा वाटली. आवाज नाही, धूर नाही. मग वळण आलं. इंजिनाचा आवर नव्हता आणि ओले ब्रेक धरेनात. रावजीने मला कसंबसं शेताच्या बांधाच्या चिखलात घातलं तेव्हा मी थांबले.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गंगा भाजीवालीची टोपली तेवढी उलटली.

"काकड्या गेल्या त्या गेल्या," ती म्हणाली, "मी राहिल्ये हे काय कमी?"

माहेरी निघालेल्या वहिनी मागेच बसल्या होत्या. "रावजी, हे कोणी सांगितलान तुला?"

"शेटनी."

"त्यांना पेट्रोल राखायचं होतं, की मला माहेरी पोचवायचं नव्हतं?"

सगळे हसले. मग वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "बेगमी पुरवायची म्हणून कोणी चूल विझवून बसतं काय? सांडतं कुठे ते आधी बघावं."

पुढच्या बैठकीला आठवतं ते

माहेराहून परतल्यावर वहिनी रावजीशेजारी बसून गावातली फेरी हिंडल्या. काकांच्या दारात इंजीन धडधडत राहिलं. "सांडलं," वहिनी म्हणाल्या. दुसरी सर्व्हिस मोटार दिसली, रावजीने तिला मागे टाकायला मला पिटाळलं आणि पुढच्याच वळणावर करकचून ब्रेक दाबला. "सांडलं." टपावर नारळाची पोती होती.

"ही कोणाची?"

"शेटचीच. उतरवायची राहिलीत."

"सांडलं."

शेवटी रावजी वैतागला. "वहिनी, आता तुम्ही उतरा. तुमच्या वजनानेच जास्त सांडतंय!"

त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. पण उतरल्या नाहीत.

दोघांनी मिळून ठरवलं ते असं. गावाबाहेर सड्याचं कातळपठार संपून उतार लागतो, तिथे वडाखाली मी उभी राहायचं, इंजीन बंद करून. माणसांनी तिथे यायचं. निघताना गिअर टाकून उतारावर जरा ढकललं की मी चालू होईन, हँडलची कटकट नको. पोती घरी. चाकांत हवा पुरेशी. आणि शर्यत बंद.

पहिल्या दिवशी वडाखाली कोणी आलंच नाही. सगळे आपापल्या ओटीवर भोंग्याची वाट बघत बसले. मी थैली घेऊन रिकामीच गेले.

"रिकामीच धावायची तर पेट्रोल वाचलं काय नि जळलं काय!" शेट कडाडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी स्वतः वडाखाली जाऊन बसल्या. छत्री उघडी, मांडीवर पानाचा डबा. शेटची बायको रस्त्यात बसली आहे, ही बातमी माझ्या भोंग्यापेक्षा लांब पोचली. एकेक जण बघायला आला, तो बोचकं घेऊनच. काका आले ते पेजेचा हात धोतराला पुसत, तणतणत.

"दारात येत नाही तिला मोटार कशाला म्हणायची? गलबत म्हणा!"

"म्हणा की. गलबत कधी तुमच्या दारात आलंय काय, काका? बंदरावर मुकाट जाता ना? हे बंदर समजा."

काकांनी पान मागून घेतलं आणि चढून बसले.

पुन्हा टाकीला आठवतं ते

नारळी पौर्णिमा झाली तरी समुद्र शांत होईना. आगबोट येईना. वहिनींनी खोपीतला शेवटचा डबा माझ्यात ओतला आणि किल्ली शेटच्या हातात दिली.

त्या फेरीला रावजी मला जसं चालवत होता तसं पुन्हा कोणी चालवलं नाही. पेडलवर त्याचा पाय आहे की नाही हे मलाच कळत नव्हतं. चढ दिसला की तो लांबूनच वेग धरायचा. पुढे गुरं दिसली की आधीच पाय उचलायचा, म्हणजे ब्रेक लावून पुन्हा जोर करायला नको. लांज्याची थैली घेऊन परत सड्यावर आलो तेव्हा समुद्र दिसला आणि त्यावर आगबोटीचा धूर.

शेट पेढीच्या दारात पाठमोरे उभे होते. मी इतकी हळू आले की त्यांना चाहूलही लागली नाही. वळून बघतात तो मी समोर.

"कधी आलास?"

"हा काय, आत्ताच. थैली उतरून घ्या."

"आणि पेट्रोल?"

रावजीने माझा मडगार्ड धरून मला गदागदा हलवलं. टाकीत डुचमळलं. शेटनी कान लावला. पुन्हा हलवायला सांगितलं. पुन्हा डुचमळलं.

"ठेका राहिला," ते म्हणाले. मग घसा खाकरून, "गुणवंतीला सांग, ट्रंक वर ठेव म्हणावं."

मित्रांनो, त्यानंतर मी पुष्कळ वर्षं धावले. मग मोठी गाडी आली, मी मागे पडले, आणि रावजीनेच माझे नटबोल्ट एकेक करून सोडवले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाटेवर झिजले ते सार्थकी लागलं. कोणाच्या तरी दारात उभ्या उभ्या जळले, ते मात्र अजून सलतं. उद्या तुमच्या हाती माझ्या जातीची एखादी येईल. तिला पळवा, चढवा, दमवा, पण थांबाल तेव्हा तिलाही थांबू द्या.