दारावरचा खडू

फादर लुड्विक खुर्चीवर चढून दाराच्या चौकटीवर खडूने लिहीत होते तेव्हा खुर्ची मी धरली होती. ख्रिस्तजन्म बघायला आलेल्या तीन राजांच्या नावांची अक्षरं, मध्ये क्रूस, दोन टोकांना वर्षाचे अर्धे अर्धे आकडे. खाली तारीख लिहीत नाहीत, कारण तिची गरज नसते. हा खडू वर्षातून एकदाच, तीन राजांच्या सणाला लागतो, आणि सण सहा जानेवारीला असतो हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं.

ती जागा म्हणजे आर्व्हिड लुंडग्रेनचं बंद पडलेलं ड्रायक्लीनिंगचं दुकान. नाताळ झाला आणि बिशपसाहेबांनी आमच्या चर्चला कुलूप घातलं. भाविक कमी झाले, आता सहा मैलांवरच्या चर्चमध्ये जा, असं पत्र आलं. प्रार्थनेला सहा मैल जाता येतं. पण दर शुक्रवारी आम्ही बायका चर्चच्या तळघरात गरजूंसाठी जेवण रांधायचो, ते कुठे न्यायचं? लुंडग्रेन वारला होता. त्याची मुलगी दूर अ‍ॅरिझोनात. तिने फोनवर सांगितलं, "नाहीतरी रिकामंच पडलंय. किल्ली घ्या, वापरा. खरेदीचं मार्चमध्ये बघू." आम्ही चर्चमधली शेगडी आणि फ्रीझर उचलून तिथे आणले, फादरना बोलावलं, पवित्र पाणी शिंपडलं आणि बीटाचं सूप चढवलं.

आमच्यात असंच आहे. आधी पाणी, मग कागद. आशीर्वाद न घेता नव्या जागेत चूल पेटवायची कुणाची छाती होत नाही. कागदाचं काय, ते होतात.

बारा मार्चला कागद झाले, माझ्या एकटीच्या नावावर. आम्हा बायकांची संस्था कुठे नोंदलेली नव्हती, आणि बिशपसाहेबांचं ऑफिस असली जागा नावावर घ्यायला तयार नव्हतं. तेव्हा माझी भावजय लेओकाद्या म्हणाली, "तूच सही कर, गेन्या. तुझं अक्षर चांगलं आहे."

ड्रायक्लीनिंगच्या जागेत माती खराब असू शकते, हे आम्हाला अगदीच माहीत नव्हतं असं नाही. वहिनीची मुलगी बोगना वकील आहे. तिनेच मिस्टर प्रूट नावाचे मातीचे इंजिनियर आणले. त्यांनी मागच्या खोलीत, जिथे लुंडग्रेनचं मशीन होतं, तिथे फरशीला भोकं पाडून माती काढली. कपडे धुवायचं रसायन वीस फुटांपर्यंत उतरलेलं होतं.

अकरा एप्रिलला दुपारी बोगना आणि प्रूट अहवाल घेऊन आले. बोगना अगदी खुशीत होती.

"आत्या, काही घाबरू नकोस. यासाठीच तर कायदा आहे. जागा घेतल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत माती तपासून घेतली, मातीत आधीपासून काय होतं ते लिहून ठेवलं, की ते विष तुझं नाही. ज्याने ओतलं त्याचं. ही तुझी ढाल. आज तिसावा दिवस. सही कर, मी पाठवून देते."

"आणि ढाल नसती तर?" मी विचारलं.

"नसती, तर लुंडग्रेन गेला, त्याची कंपनी मोडली, त्यामुळे सरकारला विचारायला एकच माणूस उरलं असतं. ज्याचं नाव खरेदीखतावर आहे ते. मग सफाईचा सगळा खर्च तुझ्यावर, नुसता या जागेचा नाही, विष शेजारच्या पाळणाघराखाली गेलं असेल तर तिथलाही. तुझं राहतं घरसुद्धा गेलं असतं." ती हसली. "पण आहे ना ढाल."

फॉर्मवर दोन चौकोन होते. खरेदीची तारीख. वापर सुरू केल्याची तारीख. पहिला बोगनाने भरलेला होता. दुसऱ्यात पेन टेकवून तिने मान वर केली आणि ती तशीच राहिली.

"आत्या, वरती ते काय आहे?"

"खडू," मी म्हटलं.

"ते दिसतंय मला. कधीचा?"

"घ्या," वहिनी कणिक मळता मळता म्हणाली. "शिकून वकील झाली आणि तीन राजांचा सण विसरली. दोन वर्षं चर्चमध्ये मिसाला गेली नाही की असं होतं."

"आई, या वर्षीचा सण? सहा जानेवारीचा?"

"मग काय पुढच्या वर्षीचा? तू नव्हतीस, म्हणून तुला माहीत नाही. दरवाजापर्यंत रांग होती. पहिल्याच शुक्रवारी नव्वद माणसं जेवली. प्रूटसाहेब, तुम्हीही या एकदा. माझ्या हातचे पिएरोगी, बटाटा भरलेल्या या उकडलेल्या करंज्या, खाल्लेत तर मातीतलं सगळं विसराल."

प्रूट आपल्या बुटांकडे बघू लागले. बोगनाने पेन खाली ठेवलं.

"खरेदी किंवा वापर," ती सावकाश म्हणाली, "यातलं जे आधी होईल, तिथून पंचेचाळीस दिवस." आणि ती बोटांवर मोजू लागली, वकील असून, लहानपणी मोजायची तशी. "वीस फेब्रुवारी. वीस फेब्रुवारीला मुदत संपली."

"पण तेव्हा जागा आमची नव्हतीच," वहिनी म्हणाली.

"कायद्याला त्याचं काही नाही."

"अगं, आम्ही नुसतं सूप केलं. इथे कोण राहत होतं?"

"आई, शेगडी लावलीत, फ्रीझर लावलात, दर शुक्रवारी लोक जेवले. याला वापर नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?"

मला आठवलं, जानेवारीत मीच बोगनाला फोन करणार होते. मग वाटलं, पोरगी कामात असते, कागद होतील तेव्हा सांगू. माती तपासायला प्रूटना एक सकाळ लागली. एकच सकाळ. ती जानेवारीत काढली असती तर.

वहिनीने हात धुतले, फडकं ओलं केलं आणि खुर्ची दाराशी ओढून ती वर चढली.

"काय करतेस?" मी विचारलं.

"पुसते. फादरना सांगू पुन्हा लिहायला. मार्चमध्ये लिहिलं म्हणू."

"मार्चमध्ये तीन राजे?" बोगना म्हणाली. "उंटावरून येताना वाट चुकले का?"

"तू गप्प बस. तुझ्याच आत्याचं घर चाललंय."

"आणि चर्चच्या पत्रिकेतला फोटो? पहिल्या पानावर आहे, आई. फादर खुर्चीवर, तू सुपाच्या पातेल्याशी. घरोघर गेलाय तो. तुझ्या या फ्रीझरवरही चिकटवलाय."

वहिनीने फ्रीझरकडे पाहिलं. फडक्यातलं पाणी फरशीवर टपटपत होतं.

"मला मोटारीतून एक फोन करायचाय," बोगना म्हणाली. तिचे डोळे भरले होते, ते आम्हाला दाखवायचे नव्हते. "मी ऐकलं ते ऐकलं नाही असं मला करता येत नाही. पण सही माझी नाही, आत्याची आहे." फॉर्म टेबलावर ठेवून ती बाहेर गेली.

प्रूट खाकरले. "मी फक्त माती बघतो, बाई. मी दारं बघत नाही," एवढंच म्हणून तेही बाहेर गेले. भला माणूस. पण त्याच्या भलेपणाने माझं अवघडच झालं.

"ऐकलंस?" वहिनी म्हणाली. "तोसुद्धा म्हणतोय. लिही बारा मार्च. एक आकडा तर लिहायचाय. कोण येणारे बघायला? नव्वद माणसांना जेवू घालतेस, त्याचं काहीच नाही का देवाच्या वहीत?"

"देवाच्या वहीचं मला माहीत नाही, वहिनी. ही सरकारची आहे. खाली लिहिलंय, शपथेवर सांगते."

"मोठी आली शपथवाली."

मी पेन घेतलं. मनात काही थोर आलं नाही. एवढंच आलं, की संध्याकाळी माळ हातात घेण्याआधी मी रोज दिवसाचा हिशेब देते, कुणाला काय बोलले, कुठे खोटं बोलले. बारा मार्च लिहिलं, तर तो हिशेब रोज तिथेच अडकणार. आणि चीडही आली, ती कायद्याची नाही, स्वतःचीच. कायदाही आमच्यासारखंच म्हणत होता, की माणूस आत शिरला तेव्हापासून जागा त्याची. फक्त त्याने पाणी शिंपडलं नव्हतं.

मी सहा जानेवारी लिहिलं.

वहिनी खुर्चीवरून उतरली, फडकं पिळलं, वाळत घातलं, आणि घरी जाईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

जूनमध्ये राज्याच्या खात्याचं पत्र आलं. अहवाल मुदतीनंतरचा असल्यामुळे संरक्षण लागू होत नाही. बोगनाने दोनदा अपील केलं, दोनदा तेच उत्तर वेगळ्या सहीने आलं. मी फोन करून विचारलं, मी तर काहीच ओतलेलं नाही, मग माझ्याकडे कसं? पलीकडची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, "ते आम्हाला मान्य आहे, मॅडम. तुम्ही ओतलं असं कोणीच म्हणत नाही." मग पुढे? तर पुढे काही नाही. फॉर्म पोस्टाने येईल.

विष पाळणाघराखाली पोचलेलं निघालं. फरशीखालची वाफ बाहेर काढायला दोन्हीकडे नळ्या आणि पंखे बसवावे लागले. माझं घर विकायला काढलंय, अजून गिऱ्हाईक नाही. शेगडी वहिनीच्या गॅरेजमध्ये आहे. जेवणं तिथूनच जातात, आता चाळीसच.

नोव्हेंबरात आम्ही मेलेल्यांची नावं कार्डावर लिहून देतो, महिनाभर ती चर्चमध्ये वाचली जातात. आईवडील, भाऊ, नवरा. लुंडग्रेन आमच्या चर्चचा नव्हता, पण त्याच्यासाठी प्रार्थना करणारं इथे कोणी नाही, म्हणून गेली चार वर्षं त्याचंही नाव मीच घालते. यंदा कार्ड भरताना वहिनी समोर बसली होती. आम्ही पुन्हा बोलायला लागलो होतो.

"त्यालाही लिहिणार?" तिने विचारलं.

"लिहिते."

"लिही, लिही. त्याला लवकर स्वर्गात पोचव. म्हणजे तू गेलीस की तुझ्या ओळखीचा एक जागामालक तरी असेल तिथे."

मी पेन टेकवलं. पहिल्या चार नावांना वेळ लागला नाही. पाचव्याशी हात थांबला, आणि बराच वेळ थांबला. वहिनी चहात साखर ढवळत राहिली.

मग मी लिहिलं. आर्व्हिड लुंडग्रेन.

अक्षर चांगलं आलं नाही.