पोटातून निघालेली फुप्फुसाची गाठ

फिलिपिन्समधल्या पांगासिनान प्रांतात, त्या पत्र्याच्या प्रार्थनाघरासमोर सकाळी सातलाच अंगण भरलं होतं. कोणी आजारी आईला पाठीवर घेऊन आलं होतं, कोणी मनिलाहून रात्रभर बसमध्ये बसून. ब्रदर एलिसियो सुरी न लावता पोट उघडतो, गाठ काढतो, आणि वरून हात फिरवला की व्रणसुद्धा राहत नाही, अशी त्याची ख्याती. शिकलेली, चार पावसाळे पाहिलेली माणसं डोळे मिटून ‘आलेलुया’ म्हणत होती. डोळे मिटल्यावर काम सोपंच होतं म्हणा, ब्रदरचं.

नर्स ओफेलिया मात्र डोळे उघडे ठेवून दारात उभी होती. ती आपला पळालेला रुग्ण शोधत आली होती. आनाक्लेतो, जन्मभर जीपनी, म्हणजे तिकडची प्रवासी जीप, चालवलेला माणूस. फुप्फुसाचा कर्करोग इतका पसरलेला की शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. ओफेलियाच्या रुग्णालयात एक चाचणी चालू होती: अशा रुग्णांना केमोचं औषध आणि किरणांचा शेक एकाच वेळी दिला तर ते जास्त जगतात, की आधी एक आणि मग दुसरं दिलं तर? आनाक्लेतोला दोन्ही एकत्र मिळत होतं. तीसपैकी अठरा शेक झाले होते आणि गेल्या आठवड्याच्या फोटोत गाठ लहान दिसत होती. मंगळवारपासून त्याची खुर्ची रिकामी होती. शेकात खंड पडला की उरलेला रोग पुन्हा डोकं वर काढतो. आज शुक्रवार, म्हणजे चार दिवस गेले होते, आणि ते त्याच्या आयुष्यातूनच जात होते.

तो का पळाला, हेही तिला ठाऊक होतं. घसा आतून सोलल्यासारखा झाला होता, भाताची पेजसुद्धा उतरत नव्हती. शिवाय डॉक्टर काही केल्या ‘तुम्ही बरे व्हाल’ असं म्हणत नव्हते. ब्रदरनं ते आनाक्लेतो टेकायच्या आधीच म्हणून टाकलं.

आता तो उघड्या अंगानं मेजावर पडला होता. छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या. किरणांचा नेम तिथे धरायचा, म्हणून त्या पुसायच्या नसतात. आनाक्लेतोला पहिल्या दिवशी वाटलं, हा क्रॉसच काढलाय. महिनाभर त्यानं छातीला पाणी लागू दिलं नव्हतं, शेजाऱ्यांना सदरा उघडून आशीर्वाद दाखवला होता. ओफेलिया तेव्हा हसली आणि गप्प राहिली. निदान धुणार तरी नाही, असा तिचा हिशेब. तिथे तिचं चुकलंच.

“हा क्रॉस कोणी काढला?” ब्रदरनं विचारलं.

“इस्पितळात.”

“पाद्रीनं?”

“नाही.”

“ऐका हो ऐका! आशीर्वाद नसलेल्या हाताचा क्रॉस. घसा जळेल नाही तर काय होईल?” आणि त्यानं खोबरेल तेलाचा बोळा घेऊन रेघा पुसून टाकल्या.

ओफेलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती गर्दीतून वाट काढू लागली.

तोवर ब्रदरनं खेळ मांडला होता. डाव्या हाताला परातीत कापसाचे बोळे. एक बोळा पोटावर, त्यावर दोन्ही मुठी. बोटं आत जाताना दिसली, लाल पाणी ओघळलं आणि एक काळपट गोळा बाहेर आला. लोकांनी एकच गजर केला. गोळा नेहमी लगेच बादलीत जाई आणि जाळला जाई, कारण म्हणे त्यात सैतान असतो. आज बादली धरायला आनाक्लेतोची बायको होती, विसितासियोन. गेली वीस वर्षं ती नाक्यावर निखाऱ्यांवर कोंबडीची आतडी आणि काळीज भाजून विकत होती.

तिनं गोळा उचलला, दाबला, हुंगला.

“हे कोंबडीचं काळीज आहे,” ती म्हणाली.

“बाई, सैतान रूप पालटतो.”

“पालटू दे. पण पित्ताची पिशवी तशीच चिकटलीय, हिरवं झालंय बघा. असलं कडू काळीज मी दारुड्या गिऱ्हाइकालासुद्धा देत नाही.”

कोणीतरी हसलं. ओफेलिया मेजापाशी पोचली, परातीतला दुसरा बोळा उचलला आणि सगळ्यांसमोर आपल्या तळहातावर पिळला. लाल पाणी आलं, आतून पातळ कातड्यात गुंडाळलेलं आणखी एक काळीज निघालं. पुढच्या रुग्णाची गाठ रुग्णाच्या आधीच तयार होती.

“आणि फुप्फुस पोटात नसतं,” ती म्हणाली. “बरगड्यांत बोटं घुसत नाहीत, मऊ पोटावर दुमडली की घुसल्यासारखी दिसतात. ब्रदर, गेल्या वर्षी तुम्ही बरे केलेल्यांपैकी किती जण जिवंत आहेत?”

“मी मोजत नाही. देव मोजतो.”

“आम्ही मोजतो. मेलेलेसुद्धा.”

आनाक्लेतो उठून बसला होता, पोटावर लाल ओघळ घेऊन. “मग तू सांग पोरी. मी वाचेन?”

“माहीत नाही, काका. तेच तर तपासतोय. पण गाठ लहान झालीय, ती मी डोळ्यांनी पाहिली.”

त्यानं बायकोच्या हातातल्या काळजाकडे बघितलं. मग त्यानं सदरा मागितला. ती तिघं दारातून बाहेर पडेपर्यंत रांगेतली पुढची बाई त्याच मेजावर आडवी झाली होती, डोळे मिटून.

सोमवारी पुन्हा मापं घेऊन रेघा काढल्या. या वेळी ओफेलियानं त्याला नीट सांगितलं, की हा क्रॉस नाही, नेमाची खूण आहे. बुडालेले दिवस तिनं वहीत लिहिले.

आनाक्लेतो त्यानंतर तीन नाताळ जगला, त्यांतले दोन नाताळ जीपनी चालवत. तो गेला तेव्हा ओफेलिया रडली आणि मग तिनं त्याच वहीत त्याच्या नावापुढे तारीख घातली. अशी शेकडो नावं जमली की पुढच्या जीपनीवाल्याला कुठला उपचार द्यायचा, ते कळतं.

तुमच्या गावात असा कोणी आला, तर त्यानं कोणाला बरं केलं ते विचारू नका, त्याची यादी त्याला तोंडपाठ असते. त्याच्याकडे मेलेल्यांची वही मागा.