बाकांचा मनोरा

मित्रांनो, मी एक जुना मनोरा आहे, पण मला बघायला घराबाहेर पडू नका. मी एका व्हिडिओ गेममध्ये राहतो. माझ्यात वीट नाही, चुना नाही. तरीही माझ्या जिन्यांवरून जेवढी माणसं धावली, तेवढी कित्येक खऱ्या मनोऱ्यांच्याही नशिबी नसतील.

मला घडवलं एका चित्रकार बाईंनी. तेव्हा त्यांना दिवस गेले होते आणि ऑफिसची लिफ्ट बंद होती. रोज धापा टाकत जिने चढायचे आणि मग मला रेखाटायचं. त्या भरात त्यांनी माझ्या जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक बाक ठेवला. सहकारी पोट धरून हसले.

"अहो, गेममधली माणसं दमतात कुठे!"

बाईंनी कपाळावर हात मारला. "खरंच की! पण राहू देत आता. बरे दिसतात."

बाक राहिले. लोक माझ्या माथ्यावरच्या राक्षसाला मारायला येत, माझ्या उंचीचं कौतुक करत, पण बाकांकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. मला फार वाईट वाटे.

मग एका संध्याकाळी शिंपीकाका आले. त्यांची मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली होती. फोनवर "जेवलीस का?", "जेवले," एवढ्यावर दोघांचं बोलणं संपे, म्हणून तिनेच त्यांना हा गेम शिकवला. काकांना तलवार काही जमेना. दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या या माणसाला इथेही नेमकं बसायचंच बटण सापडलं! मग दोघं रोज माझ्या बाकावर बसू लागली, कानाला हेडफोन लावून गप्पा मारू लागली. काका गिऱ्हाइकांच्या नकला करत. कधी तिच्या गेलेल्या आईविषयीही बोलत.

"बाबा, उठा! राक्षस खाली येतोय!"

"येऊ दे गं. एवढे जिने उतरलाय, त्यालाही टेकायचं असेल."

राक्षस दोघांना मारी. दोघं हसत हसत पुन्हा वर येत.

पुढे माझी नवी आवृत्ती निघाली. "ही अडगळ कशाला?" म्हणत मोठ्या साहेबांनी बाक काढायला लावले. त्या दिवशी काका वळणावर येऊन नुसते गोल गोल फिरत राहिले.

"अगं, बसायचं कुठे?"

"उभ्यानेच बोलू ना, बाबा."

काकांनी आणखी एक फेरी मारली. "जेवलीस का?"

"जेवले."

त्यानंतर ते आलेच नाहीत. मी एवढा उंच, पण एका माणसाला बसवून घेता येईना मला. फार रडू आलं, मित्रांनो.

मुलीने कंपनीला कळवलं, "माझ्या बाबांना बसायला जागा द्या." ते चित्रकार बाईंच्या वाचनात आलं. बाई मोठ्या साहेबांशी कडाकडा भांडल्या आणि बाक परत आले. मुलीने काकांना गळ घालून पुन्हा आणलं. दोघं बसतात न बसतात तोच राक्षस खाली उतरला. त्याने तलवार भिंतीला टेकवली आणि तो मुकाट्याने बाकाच्या टोकाला बसला. मुलीने काकांचं ते बोलणंही कळवलं होतं; ही करामत बाईंचीच!

"बघ!" काका ओरडले. "मी म्हणत नव्हतो?"

मित्रांनो, माझ्यावर खुशाल धावत चढा, पण वळणावर कुणी बसलेलं दिसलं तर त्याला धक्का मारू नका. आणि गेम बंद केल्यावर घरात कुणी "जेवलास का?" असं विचारलं, तर नुसतं "जेवलो" म्हणून उठून जाऊ नका. जरा बसा.