ताराप्रकाश

ताईचं डोकं सकाळपासून ठिकाणावर नव्हतं. शब्दकोशाची ‘त’ची पानं पाच वाजता छापखान्यात जाणार, आणि ‘ताराप्रकाश’ या शब्दाच्या वापराचं कार्डच गायब! अर्थ होता, पण वापर नव्हता. कोणीतरी खरोखर बोललेलं वाक्य नसेल तर शब्द बाद, हा कोशाच्या कचेरीतला कायदा. मुख्य संपादकांना सगळे पाठीमागे ‘गाळणी’ म्हणत, ते काही उगाच नाही.

हा शब्द तिच्या भावाने, दादाने, निवडलेला. तीस वर्षं इथेच घासली त्याने. गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्याला अंथरुणाला खिळवलं, बोलणंही जवळजवळ गेलं. त्याचा शेवटचा शब्द आपल्या हातून बाद व्हावा? छे! वाक्य आपणच ठोकून द्यावं असंही तिच्या मनात आलं, आणि तिची तिलाच लाज वाटली. जेवणाच्या सुट्टीत ती तडक घरी गेली.

“दादा, ताराप्रकाश. ताऱ्यांचा भरपूर उजेड, असाच अर्थ ना रे? वाक्य सांग ना एखादं!”

दादा चिडलाच. “भरपूर... नाही. वाट... दिसते. तेवढंच.” मग बराच वेळ ओठ नुसतेच हलले. ताईचा एक डोळा घड्याळावर. “आई... ताराप्रकाशात... घरी आली.”

ताईने डोळे पुसत तिथेच कार्ड लिहिलं आणि धावत सुटली.

गाळणीने ते दोनदा वाचलं. “अर्थ सुधारून घ्या, दादाचंच बरोबर आहे. पण वाक्य चालणार नाही. इथे काम करणाऱ्याचं वाक्य आपण घेत नाही. नियम दादानेच केलेला.”

“अहो, वर्षभर अंथरुणात आहे तो!”

“रजेवर आहे. दर महिन्याला अर्ज तुम्हीच आणून देता.”

खरंच होतं. आज ना उद्या दादा बरा होईल, आपल्या खुर्चीत येऊन बसेल, या आशेवर ती रजा वाढवत होती. त्या खुर्चीवर ती कोणाला पर्सही ठेवू देत नसे.

तिने खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. साडेचार वाजून गेले.

“आजपासून तो इथला नाही असं धरलं तर?”

“धरून चालत नाही, ताई. कागद लागतो.”

संपादकांनी निवृत्तीचा कागद पुढे केला, पण तिच्याकडे बघायचं टाळलं. रजेच्या अर्जांवर करायची तशीच ताईने दादाच्या वतीने सही केली. मग कार्डावर बोलणाऱ्याचं नाव घातलं. खाली ‘व्यवसाय’ असा रकाना होता. तिथे तिचा हात थांबला. पाचला सात मिनिटं होती. तिने ‘काही नाही’ असं लिहिलं आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं.