तो मुका मार नव्हता

मी एक जुनी पंचिंग बॅग आहे, मित्रांनो, आणि मार खाणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा. एका कारागिराने जाड कॅनव्हास शिवून माझ्या पोटात चिंध्या ठासल्या. मग मला या खोलीत छताला टांगले, तेव्हापासून बॉक्सिंग शिकणारी पोरे मला बडवत आली आहेत. इथे कुणाचा ओठ फुटला, कुणाचा दात पडला. रक्ताचे शिंतोडे माझ्या अंगावर अजून आहेत. कोच मला थोपटून म्हणायचे की ही कधी कुरकुरत नाही, आणि मी फुगून जायचे.

कोचची मुलगी ठिणगी सगळ्यांत जहाल. तिच्याहून थोराड पोरेही तिच्यासमोर उभी राहायला कचरत.

स्पर्धा तोंडावर आली असताना दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. मेनिन्गोकोकल नावाचा एक आजार मेंदूच्या आवरणाला सूज आणतो, एका बाटलीला तोंड लावणाऱ्या पोरांत तो झटकन पसरतो, तेव्हा सगळ्यांना लस देऊन टाकू, असे त्या म्हणाल्या. कोचनी त्यांना दारातूनच वाटेला लावले. सुईने दंड दुखतो, ऐन लढतीत हात जड व्हायला नको, स्पर्धेनंतर बघू, म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात ठिणगी तापाने फणफणत सरावाला आली. डोके ठणकतेय, मान वाकत नाही, असे सांगत होती. कोचना ते नखरे वाटले. तिने मला कसेबसे दोन ठोसे मारले आणि भडाभडा ओकून माझ्याखालीच कोसळली. तिच्या दंडांवर, पोटावर जांभळे डाग उमटले होते. पण आमच्या खोलीत असल्या डागांचे कुणाला काय कौतुक?

"मुका मार आहे," कोच म्हणाले. "बर्फ लाव आणि ऊठ."

ती उठली नाही. डाग डोळ्यांदेखत पसरू लागले, तेव्हा कुठे कोचचे धाबे दणाणले आणि तिला उचलून त्यांनी दवाखाना गाठला. बाकीच्या पोरांना डॉक्टरांनी लगेच औषध दिले, ती सगळी बचावली. ठिणगीही जगली, पण उजव्या हाताची बोटे काळी पडली, कापावी लागली. जिवावरचे बोटांवर निभावले, असे लोक म्हणाले. मला त्या लोकांचा राग आला.

एका दुपारी कोच एकटेच आले आणि ग्लोव्ह न घालता नुसत्या मुठींनी मला हाणू लागले. त्यांची कातडी सोलली, माझी शिवण उसवली, चिंध्या बाहेर आल्या, तरी ते थांबेनात. इतका मार मी जन्मात खाल्ला नव्हता. दारात ठिणगी येऊन उभी होती, हाताला पट्ट्या बांधलेल्या.

"बाबा, तिला मारून काय होणार? नर्सबाईंना बोलवा."

"कोणत्या तोंडानं बोलवू?"

"ज्या तोंडानं नको म्हणालात, त्याच."

बाई आल्या. पोरांनी एकेक करून दंड पुढे केले.

मित्रांनो, माझी शिवण पुन्हा घातली, चिंध्या भरल्या, मी पहिल्यासारखी झाले. माणसाचे तसे नसते. म्हणून सांगते, लस वेळेवर घ्या, आणि ताप चढून मान ताठली की अंगावरच्या डागांना मुका मार समजू नका.

ठिणगी हल्ली मला डाव्या हाताने मारते. खरे सांगू? अजून मला लागत नाही. लागावे, असे फार वाटते.